फिरायला निघण्याआधी, चालताना आणि त्या रात्री: मधुमेहात व्यायाम करताना साखर कशी सांभाळावी

रात्री पावणेतीनला हिनं मला हलवून उठवलं. “अहो, उठा. बनियन बघा केवढं भिजलंय.” जानेवारीतली थंडी, पंखा बंद, आणि उशीसुद्धा घामानं ओली. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं, पण उत्तराचे शब्द जुळत नव्हते. शेवटी तिनंच माझं बोट टोचलं. ग्लुकोमीटरवर ५२.

त्या दिवशी पुतण्याबरोबर सिंहगड चढून आलो होतो. वर पिठलं-भाकरी खाल्ली, पाचच्या सुमारास पायथ्याशी उतरलो. रात्री जेवणाआधी साखर १४८ होती, म्हणून इन्सुलिनचा नेहमीचा डोस घेतला, नेहमीएवढं जेवलो आणि झोपलो. पण दोन गोष्टींची गाठ नेमकी मध्यरात्री पडली. चढण्या-उतरण्यात पायांच्या स्नायूंनी आपला साखरेचा साठा वापरून टाकला होता आणि आता ते तो रक्तातून परत भरून घेत होते. त्यात मी घेतो ते ३०/७० मिक्स इन्सुलिन, म्हणजे ३० टक्के जलद आणि ७० टक्के संथ. त्यातला संथ भाग टोचल्यावर साधारण चार ते आठ तासांनी जोरात असतो. साडेआठला घेतलेल्या डोसचा जोर आला तो साडेबारा ते साडेचारच्या दरम्यान.

मधुमेह होऊन मला सतरा वर्षं झाली, त्यातली नऊ इन्सुलिनवर गेली. त्या रात्रीपर्यंत मी व्यायामाचा हिशोब ‘किती मिनिटं चाललो’ एवढाच ठेवत होतो. व्यायाम हा औषधाचा डोस आहे आणि तो बूट काढल्यावर संपत नाही, हे तेव्हा उमगलं. हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस तोच स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. साखर आटोक्यात येते ती याच कारणानं, आणि अचानक उतरते तीही याच कारणानं.

म्हणून घाबरून बसून राहू नका. आठवड्यात १५० मिनिटं दमछाक न होता, पण श्वास जरा वाढेल असं चालणं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नाही, आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, ही शिफारस मधुमेहींसाठी आहेच. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेहाचं निदान झालं आणि इन्सुलिन घेत तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. आपल्याला टेकडीच चढायची आहे. ती नीट हिशोब करून चढू.

पहिलं काम: आपल्या गोळ्या ओळखा

चालताना साखर धोक्याइतकी उतरेल की नाही, हे बरंचसं तुम्ही काय घेता यावर ठरतं. घरातली गोळ्यांची पाकिटं काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यामुळे कंपनीनं दिलेल्या नावावरून कळत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, तर ही औषधं पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. साखर घसरण्याचा धोका खरा आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो आहेच. फक्त मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन यांवर असाल, तर साध्या चालण्यानं साखर फार खाली जाणं विरळच. अशांनी फिरण्याआधी मुद्दाम बिस्किटं खाण्याची गरज नसते. आमच्या टेकडीवर कितीतरी जण नुसत्या मेटफॉर्मिनवर असूनही ‘शुगर लो होईल’ म्हणून दोन केळी खाऊन येतात आणि मग महिनाभर चालूनही आकडा का हलत नाही, असं विचारतात.

आणखी तीन औषधांकडे लक्ष द्या. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे शरीरातलं पाणीही जातं. उन्हातल्या लांब चालीत किंवा कडक उपासात यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो, तेवढी खूण जपा. तिसरं औषध व्होग्लिबोज. आपल्याकडे ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत सर्रास असतं. ते आतड्यात साध्या साखरेचं विघटन रोखतं. म्हणजे साखर उतरल्यावर तुम्ही घरातली साखर खाल्लीत तर ती वेळेवर रक्तात पोचत नाही. अशांना ग्लुकोजच हवं. ही एक ओळ मला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

निघण्याआधीचा आकडा

इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या पहिल्या तीन गोळ्यांपैकी काही घेत असाल, तर बूट घालण्याआधी बोट टोचा. आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा चिरून किंवा चहात साखर घालून आलेलं बोट ८० चं १८० दाखवू शकतं, आणि त्या भरवशावर तुम्ही टेकडीवर जाल.

आकडा ७० च्या खाली असेल तर चालणं बाजूला ठेवा आणि आधी साखर वर आणा, कशी ते पुढे येईल. ७० ते ९० असेल तर १५ ते २० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जाऊ द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, ९० च्या वर गेल्यावर निघा. ९० ते १२५ असेल आणि अर्धा तास किंवा जास्त चालायचं असेल तर निघताना १० ते १५ ग्रॅम पुरेत. १२६ ते १८० हा निघायला सगळ्यात चांगला पट्टा. १८० ते २५० असेल तर काही न खाता निघा, चालण्यानं तो आकडा खालीच येईल.

२५० च्या वर असेल तर आधी स्वतःला विचारा, का वाढली? काल रात्री लग्नातलं जेवण झालं आणि तब्येत ठणठणीत आहे, तर पाणी पिऊन सावकाश चालायला हरकत नाही. पण ताप आहे, उलट्या होतायत, डोस चुकलाय किंवा तुमचा मधुमेह टाईप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा) आहे, तर कीटोन तपासल्याशिवाय पाऊल उचलू नका. इन्सुलिनच कमी पडत असेल तर व्यायामानं साखर उतरत नाही, उलट ती आणि कीटोन दोन्ही वाढतात. रक्तातले कीटोन १.५ (मिलिमोल प्रति लिटर) किंवा जास्त आले तर व्यायाम पूर्ण बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि गेल्या २४ तासांत साखर इतकी उतरली असेल की दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला सावरावं लागलं, तर आजचा दिवस विश्रांतीचा. एकदा खूप उतरलेल्या साखरेनंतर शरीराची धोक्याची घंटा काही काळ मंद वाजते.

कार्बोहायड्रेट मोजायला तराजू लागत नाही. एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम, एका वेलची केळ्यात दहा-बारा, मोठ्या केळ्यात पंचविसेक, पारले-जीच्या चार बिस्किटांत साधारण १५, पेलाभर दुधात दहाच्या आसपास. एवढं पाठ असलं की पुरे.

एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेनं चाललाय हे महत्त्वाचं. वीस मिनिटांपूर्वी १७० असलेला आता १३० असेल, तर तो चांगला आकडा नव्हे, तो उतरता आकडा आहे. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्यातला चढ-उताराचा बाण बघा. मात्र सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो, आणि चालताना जास्तच. अंगाला उतरल्यासारखं वाटतंय आणि सेन्सर ९५ म्हणतोय, तर बोट टोचून खात्री करा.

इन्सुलिन कुठे टोचलं, यानंही फरक पडतो. मांडीत टोचून लगेच चालायला किंवा सायकलवर निघालात, तर ते भराभर रक्तात उतरतं. व्यायामाआधीचं इन्सुलिन पोटावर घ्या.

खिशातल्या पुड्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी दर रविवारी साध्या ग्लुकोज पावडरच्या १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधतो. झिपच्या लहान पिशव्या मिळतात, त्यात भरतो, कारण कागदी पुडी घामानं गचका होते. पँटच्या खिशात तीन, आणि हिच्या पर्समध्ये दोन. हात थरथरत असताना चमचे मोजता येत नाहीत. पुडी फाडायची, तोंडात ओतायची, वर पाणी. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या चार ग्रॅमच्या ग्लुकोजच्या गोळ्या वापरत असाल तर चार घ्या.

चॉकलेट, पेढा, शेंगदाण्याची चिक्की या कामाला येत नाहीत. त्यातला स्निग्धांश साखर रक्तात पोचायला वेळ लावतो, आणि तेवढा वेळ हातात नसतो. चिक्कीचा उपयोग नंतर आहे.

चालताना

सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालत असाल तर मध्ये थांबून मोजायची गरज सहसा पडत नाही. नवीन डोस सुरू झालाय, नवीन रस्ता आहे, चढ आहे, किंवा पाऊण तासाहून जास्त चालायचं आहे, तर दर अर्ध्या तासानं बघा. लांब चालीत इन्सुलिनवर असलेल्यांनी तासाला १५ ते ३० ग्रॅम कार्बोहायड्रेटपासून सुरुवात करावी आणि आपल्या नोंदींची वही (ती पुढे येईल) बघून कमी-जास्त करावं. साखर उतरायची वाट बघून मग खाण्यापेक्षा थोडं थोडं आधी खाल्लेलं चांगलं.

वेळही निवडून घ्या. पहाटे उपाशीपोटी, सकाळचं इन्सुलिन किंवा गोळी घेण्याआधी चाललात तर साखर सहसा कमी उतरते, कारण तेव्हा शरीरात काम करणारं इन्सुलिन थोडं असतं. याउलट सकाळी आठला मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यानं दुपारी चार-पाचला रिकाम्या पोटी टेकडी चढणं हा नाजूक वेळ आहे. सकाळच्या डोसचा संथ भाग तेव्हाही काम करत असतो आणि दुपारचं जेवण जिरून गेलेलं असतं.

शतपावलीचं मला फार कौतुक आहे, पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर. ती दहा-पंधरा मिनिटांची करा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात, गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. जेवणानंतर साखर वर चढते त्याच वेळी पाय ती वापरतात, आणि रात्रीच्या जेवणानंतर आपण सगळ्यात जास्त बसून असतो म्हणून तिथे फायदाही जास्त. गुडघे दुखतात म्हणून सकाळचं चालणं सोडलेल्या माझ्या आईनं तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं घरातच, देवघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या सुरू केल्या. सलग अर्धा तास जमत नाही म्हणून काहीच न करणाऱ्यांना मी हेच सांगतो.

उतरलीच तर

दरदरून घाम, हात थरथरणं, जिभेला आणि ओठांना मुंग्या, अचानक चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, साधं बेरजेचं गणित न जमणं. टेकडीवर यातला घाम आणि धाप चढामुळेही येते, म्हणून फसायला होतं. शंका आली की थांबा, बसा, मोजा. मोजायला काही नसेल तर उतरलीच आहे असं समजून ग्लुकोज घ्या. चुकून साखर थोडी वाढली तर ती तासाभरात आटोक्यात आणता येते.

७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज. मग पंधरा मिनिटं बसून राहा आणि पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर आणखी १५ ग्रॅम. ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. भूक एवढी लागते की डबा उघडून सगळं संपवावंसं वाटतं, आणि मग दोन तासांनी आकडा ३०० दिसतो. मी मोबाइलवर गजर लावून फक्त बसतो. आकडा ५४ च्या खाली असेल तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला. सावरल्यावर कुणाच्या तरी सोबतीनं घरी या. ७० च्या वर येऊन स्थिर झालं आणि जेवणाला तासाहून जास्त अवकाश असेल, तर आता चिक्की, दूध-बिस्किट किंवा अर्धी पोळी खा. म्हणजे वर आलेली साखर टिकते.

त्या रात्रीसाठी

दुपारी किंवा संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले असतील तर साखर व्यायामानंतर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी झोपेत उतरू शकते. कधी चोवीस तासांपर्यंतही. अशा दिवशी मी चार गोष्टी करतो.

घरी आल्यावर दोन तासांच्या आत नीट जेवतो, भाकरी किंवा भात टाळत नाही. झोपण्याआधी मोजतो. १०० च्या खाली असेल तर पेलाभर दूध आणि दोन-तीन बिस्किटं घेतो. आणि रात्री तीनचा गजर लावतो. गजराचं रोज काम नाही. नवीन प्रकारचा व्यायाम सुरू केला असेल किंवा चाल खूप लांबली असेल, तर पहिल्या एक-दोन रात्री. पहाटे डोकं जड होऊन उठणं, अंगरखा ओला असणं, भीतीदायक स्वप्नं, आणि सकाळचा आकडा अकारण चढलेला असणं, या खुणा दिसल्या तर रात्री काय होतंय ते एकदा मोजून बघाच.

गड उतरून कुणी बिअर घेत असेल तर त्यांना स्पष्टच सांगतो. यकृत रात्री साखर पुरवून आपल्याला सांभाळत असतं, आणि दारू त्याचं ते काम अडवते. श्रमलेले स्नायू, इन्सुलिन आणि दारू ही तिन्ही एका रात्री एकत्र येऊ देऊ नका.

डोस कमी करायचा का

रोज जास्तीचं खाऊन व्यायाम करत राहिलात तर वजनही उतरत नाही आणि साखरही. ठरलेल्या व्यायामासाठी डोस कमी करणं हा जास्त शहाणपणाचा रस्ता आहे, पण तो डॉक्टरांबरोबर आखायचा. जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणारे जेवणानंतर दोन तासांच्या आत व्यायाम करणार असतील, तर त्या जेवणाचा डोस व्यायामाच्या जोरानुसार आणि वेळेनुसार साधारण २५ ते ७५ टक्के कमी करतात. हलक्या अर्ध्या तासासाठी पाव भाग कमी, जोराच्या तासाभरासाठी पाऊण भाग कमी. खूप श्रमाच्या दिवसानंतर रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन २० टक्क्यांच्या आसपास कमी केलं जातं.

मिक्स इन्सुलिनची अडचण वेगळी आहे. त्यात जलद आणि संथ भाग एकाच बाटलीत, त्यामुळे एकच कमी करता येत नाही. त्या जानेवारीनंतर माझ्या डॉक्टरांनी गडाच्या दिवसापुरता रात्रीचा डोस वेगळा लिहून दिला. तुमच्या पुढच्या भेटीत विचारायचा प्रश्न हाच: “ज्या दिवशी जास्त चालतो त्या दिवशी किती घेऊ?” उत्तर कागदावर लिहून घ्या. गोळ्यांच्या बाबतीतही तसंच. व्यायाम नियमित झाल्यावर ग्लिमेपिराइड कमी करायची वेळ बऱ्याच जणांवर येते, आणि ती आनंदाची गोष्ट आहे, पण परस्पर गोळी मोडून खाऊ नका.

साखर उलट वाढते तेव्हा

“सकाळी निघताना १३५ होती, चालून आलो तर १६०! मग चालायचं कशाला?” हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं. पहाटे शरीरातली संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतातच. त्यात जोराचा चढ, बॅडमिंटनचा सामना, वजनं उचलणं असं काही केलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि यकृत आणखी साखर ओततं. ही वाढ तात्पुरती असते आणि तास-दोन तासांत बहुधा आपोआप उतरते. तिच्यावर घाईनं जास्तीचं इन्सुलिन मारणं धोक्याचं, कारण पुढे साखर उतरायचीच आहे.

ही माहिती आपल्या कामाला लावता येते. ताकदीचे व्यायाम आणि चालणं एकाच दिवशी करणार असाल तर ताकदीचे आधी करा, चालताना साखर कमी घसरते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-बारा वेळा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, जिन्याच्या दोन फेऱ्या. पन्नाशीनंतर स्नायू झिजत जातात, आणि साखर साठवायची सगळ्यात मोठी कोठी तेच आहेत. नुसतं चालणारे हे सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

दिवसभराची चाल

गड असो की वारी, दिवसभर चालायचं तर तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते. इन्सुलिन, पेन आणि स्ट्रिपची डबी स्कूटरच्या डिकीत किंवा सॅकच्या उन्हाकडच्या कप्प्यात ठेवू नका. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत राहायला हवं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली स्टीलची डबी सॅकच्या मधोमध, कपड्यांमध्ये ठेवली की बरंच भागतं. मीटर थंडीनं किंवा उन्हानं कधीकधी आकडाच दाखवत नाही, तेव्हा त्याला सावलीत थोडा वेळ द्या.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासाठी एक दिवस मी लाल शाईनं खूण करून ठेवायला सांगतो: पुणे ते सासवड. सगळ्यात लांब टप्प्यांपैकी हा एक, वर दिवे घाटाची चढण, आणि योगिनी एकादशी बहुधा याच दिवशी येते. २०२२, २०२३ आणि २०२४, तिन्ही वर्षी ती याच टप्प्यावर होती. म्हणजे तीसेक किलोमीटर चाल, घाट आणि उपास एकाच दिवशी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं निरंकार उपास करून ही चाल करू नये. माउलींच्या सेवेत कमी पडेल असं मनात आणू नका. उपासाचे पदार्थ चालतात, ते नीट वाटून खा. साबुदाण्याची खिचडी पोटभर एकदम खाल्ली तर साखर झपकन चढते आणि मग उतरते. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी थोडी थोडी, मध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा दोन खजूर, आणि खिशात पुड्या. एकादशीला ग्लुकोज चालतं. आणि त्या दिवशीचा डोस घाटाच्या पायथ्याशी ठरवायचा नाही, तो निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून आणायचा.

पाय, डोळे, छाती

पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालणं नको. हिरवळीवरही नको, देवळातल्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालतानाही नको. सुती किंवा लोकरी मोजे घाला. बूट घालण्याआधी ते उलटे करून झटका, आत हात फिरवा, खडा असतो. घरी आल्यावर तळपाय आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला दाखवा. फोड आला तर फोडू नका. तो बरा होईपर्यंत चालण्याऐवजी बसून हातांचे व्यायाम करा.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं, शीर्षासन, डोकं खाली जाणारी आसनं बंद. सूर्यनमस्कारही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चढावर नेहमीपेक्षा लवकर लागणारी धाप, यांतलं काहीही असेल तर पुढची टेकडी हृदयाची तपासणी झाल्यावर. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी छातीत न दुखताही येतं.

दोन आठवड्यांची वही

हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. तुमचं शरीर कसं वागतं ते तुमची वहीच सांगेल. दोन आठवडे थोड्या जास्त स्ट्रिप खर्च करा: निघताना, आल्यावर, आल्यानंतर तीन तासांनी आणि झोपताना. बाजूला काय खाल्लं, किती डोस, किती चाललो. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

“मंगळवार. सायं. ५:१० ला १४२. एक वेलची केळं. टेकडी ५० मि. ६:०५ ला ९८. रात्री ८:३० ला १३१. नेहमीचा डोस. ११ ला ११०. पहाटे ३ ला ८४.”

त्याच्याखाली गुरुवारचं: “५:१५ ला १३८. केळं नाही. टेकडी ५० मि. ५:५० ला हात थरथरले, ६६. एक पुडी. ६:०५ ला ९१.”

दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर एका केळ्याचं मोल कळलं. दहा ग्रॅमनं माझी संध्याकाळची टेकडी निभावते, पहाटेच्या चालीला तेही लागत नाही. तुमचा आकडा वेगळा निघेल. ही वही डॉक्टरांपुढे उघडा. नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टवरून त्यांना हे दिसत नाही.

सोबत्याला सांगून ठेवा

एकटे चालत असाल तर रस्ता आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. ग्रुपमध्ये असाल तर तुम्हाला मधुमेह आहे हे लपवू नका. किमान दोघांना तुमच्या पुड्या कुठल्या खिशात आहेत ते दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं बजावून सांगा: माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी, साखर, सरबत काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लुकागॉन (उतरलेली साखर वर आणणारं औषध) जवळ ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ते कसं द्यायचं हे घरच्यांनी आधी शिकून घ्यावं.

माझ्या पाकिटात, गाडीच्या लायसन्सच्या पुढे, हिच्या अक्षरात लिहिलेला एक कागद लॅमिनेट करून ठेवलाय:

“मला मधुमेह आहे. मी इन्सुलिन घेतो. मी गोंधळल्यासारखा बोलत असेन तर दारू प्यायलेलो नाही, माझी साखर उतरली आहे. उजव्या खिशातली पुडी द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा, मग मागे लिहिलेल्या नंबरवर माझ्या बायकोला.”